चिकू लागला की जाते

हिरा, झाडाला फळं लागली.

तुझ्या बाराव्याची पंगत अंगणात बसली होती. मी भात वाढत होते, तोवर वरून टपकन एक पिवळं फळ तुझ्या भावजयीच्या पत्रावळीत येऊन पडलं. ती बिचारी दचकून मागेच सरकली. वर बघितलं तर शेंड्याकडच्या फांद्या पिवळ्या झालेल्या. आणि खरं सांगू? मला रडू नाही आलं, राग आला. भाताचं पातेलं कमरेवर धरून मी झाडाला म्हटलं, एवढी वर्षं गप उभा होतास, आणि आजच सुचलं होय रे तुला?

संदीप मागून पाणी वाढत येत होता. माझाच पोरगा, त्याच्या नजरेतून काय सुटतंय! तिथल्या तिथे म्हणाला, "आई, लागलं बघ. आता तरी येशील ना?"

येत्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार आहे. पनवेलच्या पुढे त्याने फ्लॅट घेतल्यापासून माझ्या मागे लागलाय. लिफ्ट आहे, गॅलरी आहे, आमच्या दोघांसाठी वेगळी खोली आहे. सून चांगली आहे, नाव ठेवायला जागा नाही. आणि दर वेळी मी त्याला एकच उत्तर देत आले, "चिकू लागला की येते." तुझ्या ओट्यावर बसूनच द्यायचे. तू शेजारी जवळा निवडत असायचीस. मान वर करायची नाहीस, जसा काही तुझा ह्यात संबंधच नाही.

तर जायचं की राहायचं, हे मला रविवारच्या आत ठरवायचंय. इतकी वर्षं काहीही ठरवायचं झालं तर आधी तुझ्याशी भांडून मग ठरवलं. आता तू नाहीस, तरी भांडणार आहे. ऐकून घे.

तुला आठवतं का, मी तुझ्या चाळीत आले तो दिवस? आमचे हे वाशीच्या फळमार्केटात नुकते लागले होते, पाठीवर पेट्या वाहायचे. आम्ही साताऱ्याकडची माणसं. खाडी कशी असते ते बघितलेलं नाही. सामान घेऊन दारात आले तर तू अंगणभर सुकट पसरून ठेवलेली. मी हळूच पदर नाकाला लावला. तू काठीने कावळे हाकलत होतीस, पण बघितलंस बरोबर.

"वास येतंय काय गो?"

"नाही हो मालकीणबाई."

"खोटा नको बोलू. आन् मालकीन कोनाला बोलतस? हिरा बोल."

त्या दिवसापासून तू हिरा आणि मी सातारवाली. माझं खरं नाव तू घेतलंस ते फक्त संदीपच्या लग्नाच्या पत्रिकेत वाचून, आणि वर विचारलंस, "ही कोन गो?"

मालकीण तू नावालाच होतीस. माझ्या खोलीचा पत्रा गळायला लागला की माणूस बोलवायच्या आधी स्वतःच साडी खोचून वर चढायचीस. मी खालून ओरडायचे, अगं उतर, पडशील, मग मला रिक्षा करावी लागेल. संदीपला गोवर आला तेव्हा तू तुझी पोरं बहिणीकडे पाठवलीस आणि माझ्या पोराच्या उशाशी बसलीस. मला तू कोलंबी खायला शिकवलीस. मी तुला खर्डा वाटायला शिकवला, पण तुझा खर्डा शेवटपर्यंत गोडच राहिला. आणि तांदळाच्या भाकरीला भाकरी म्हणायचं की नाही, हा आपला खटला तर अजून उभाच आहे. मी म्हणायचे, ती भाकरी नाही, पोळीचं सोंग आहे. तू माझी ज्वारीची भाकरी उचलून ओट्यावर आपटून दाखवायचीस. "ही भाकर नाय गो, कौल हाय. घरावर घाल." आणि मग तेच कौल वाटीभर कालवणात मोडून खायचीस, वर अजून एक मागायचीस. लबाड!

ते झाड आलं ते आमच्या ह्यांच्यामुळे. संदीप तेव्हा शाळेत होता. डहाणूकडून चिकू घेऊन येणारा एक ट्रकवाला ह्यांच्या ओळखीचा झाला. त्याने एकदा पेट्यांबरोबर एक कलम आणून दिलं. आमच्या खोलीत कुंडी ठेवायला जागा नाही, तर झाड कुठलं? तू म्हणालीस, मोरीचं पाणी जातं त्या कोपऱ्यात लाव. खड्डा तूच खणलास. त्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो आणि परत येऊन बघते तर कलमाचा शेंडा वाळून कोळ झालेला. मला इतकं वाईट वाटलं! पण तू मला हात धरून खाली वाकवलंस. "बघ गो, खालशी फुटलाय. जिता हाय." बुडाशी दोन कोवळे कोंब होते. मी गावी असताना तू दुपारच्या उन्हात त्याला पाणी घालत होतीस, हे मला शेजारणीने सांगितलं.

झाड वाढलं. मात्र मुंगीच्या पावलाने वाढलं. आपल्या पोरांना मिशा फुटल्या तरी ते मोरीच्या पत्र्याइतकंच. सगळी चाळ चिकूची वाट बघायला लागली. येणारे-जाणारे भाडेकरू विचारायचे, मावशी, चिकू कधी?

शेवटी मी आमच्या गावची रीत काढली. आमच्याकडे झाड धरत नसलं तर शिमग्यात त्याच्यापुढे कोयता घेऊन जातात. एकाने दम द्यायचा, दुसऱ्याने मध्ये पडून त्याला जामीन राहायचं. झाड घाबरतं आणि पुढच्या वर्षी फळतं, असं म्हणतात. तुला ही रीत एवढी आवडली की होळीची राख थंड व्हायच्या आत तूच कोयता धुऊन माझ्या हातात द्यायचीस. दम देणारी मी, कारण तोंड माझं. जामीन तू.

"काय रे ए ऐतखाऊ! पाणी ढोसतोस, शेणखत खातोस, वर आमचीच जागा अडवतोस. यंदा चिकू देतोस की घालू घाव?" असं म्हणून मी कोयत्याची चपटी बाजू बुंध्यावर आपटायचे. तू धावत यायचीस, पदर पसरायचीस, झाडाला मिठी मारायचीस. "नको गो सातारवाले, नको तोरू! लेकरू हाय. पुढचे साली देल. मी जामीन हाय त्याची!" चाळीतली पोरं हसून लोळायची. मग तू झाडाला हळदकुंकू लावायचीस आणि मला पुरणपोळी द्यायचीस, दम देऊन घसा बसला म्हणून.

दरवर्षी तुझा जामीन बुडायचा आणि दरवर्षी तू नव्याने उभी राहायचीस. कोर्टात असतीस तर आतच गेली असतीस.

मग संदीपने फ्लॅट घेतला. पेढे घेऊन तुझ्याकडे आधी आला, तू त्याची दृष्ट काढलीस. तो म्हणाला, आई-बाबांना आता घेऊन जातो. मी हसत म्हटलं, "जाईन रे. चिकू लागला की जाते." सगळे हसले. तू आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. चहा ठेवलाय म्हणालीस, पण चहा काही आला नाही.

त्याच थंडीत तू बांबू हातात घेतलास. झाडाला पहिल्यांदाच बारीक पांढुरकी फुलं आली होती आणि तू खालून सपासप झोडत होतीस. मी ओरडले, "अगं बाई, मोहोर झोडतेस का?" तू म्हणालीस, "मोहोर कुठला? फुकटची फुला ही. पत्र्यावर कचरा परतंय, मुंग्या येतान." पुढच्या थंडीतही तेच. त्याच्या पुढच्या थंडीतही. शेंड्यापर्यंत बांबू पोचायचा नाही. तिथे काही धरलंच असेल तर पाखरांनी खाल्लं. गुडघे दुखतायत म्हणून देवळाच्या पायऱ्या चढायची नाहीस, पण फुलं आली की बांबू घेऊन तरातरा अंगणात! मी तुला वेडी म्हणायचे. तू म्हणायचीस, वेरी त वेरी.

मे महिन्यात मात्र तुझा एक नेम चुकायचा नाही. सीवूड्स स्टेशनच्या बाहेर डोंगराकडच्या बायका पानावर रांजणांचे, म्हणजे खिरणीच्या फळांचे, वाटे लावून बसायच्या. निंबोणीएवढी पिवळी फळं, आत काळी चकचकीत बी. तू दोन वाटे आणायचीस आणि एक माझ्या हातावर ठेवायचीस. मला आवडायची नाहीत. चिकाने ओठाला ओठ चिकटायचे. तू म्हणायचीस, "एक दिस उन्हात ठेव, मंग खा. तुला काय कलनार, तू डालिंबवाली." आणि मग तुझं माहेर सुरू व्हायचं. उरणकडे डोंगराच्या पायथ्याला तुमचं घर. तुम्ही बहिणी-बहिणी सकाळी डोंगरावर जायचात, झाडावर चढून रांजणं खायचात, परकराच्या ओच्यात भरून आणायचात, आणि तुमची आई ओठांना खोबरेल लावून चीक काढायची. त्या डोंगराचा अर्धा भाग पुढे खडीसाठी फोडला. माहेरी जाऊन आलीस की तू सांगायचीस, अजून जरा कमी झालाय. एवढंच. त्यावर मी तुला कधी काही विचारलं नाही. तू बी तोंडातून काढून धुवायचीस आणि कमरेच्या पिशवीत ठेवायचीस.

ह्या थंडीत तुला धाप लागायला लागली. पायांना सूज आली. डॉक्टरांनी अंगणात उतरायलाही मना केलं. बांबू भिंतीला टेकून राहिला. मी रोज तुझ्या खाटेशी भाकरी घेऊन यायचे, तांदळाची बरं का! नाक मुठीत धरून शिकले तुझ्यासाठी. तू एक घास खायचीस आणि विचारायचीस, "फुला गलली काय गो?"

मी म्हणायचे, "गळली."

एक पण गळलं नव्हतं. झाड नुसतं भरून गेलं होतं. मला वाटायचं, हिला अजून पत्र्यावरच्या कचऱ्याचं पडलंय, सांगून कशाला जीव टांगणीला लावा. बांबू मीही उचलू शकले असते. नाही उचलला. तू आत झोपलेली आणि मी बाहेर झाड झोडतेय, हे मला जमलं नसतं.

मे महिन्यात तू गेलीस, त्या सकाळी मी चहा घेऊन आले होते. तू खिडकीकडे तोंड करून होतीस. मी म्हटलं, उठ गं, आज दूध जास्त घातलंय. मग मी कप खाली ठेवला आणि तुझा पोरगा नितेश आला. पुढचं मला फारसं आठवत नाही. मला दोन बायकांनी धरून बाहेर नेलं आणि मी त्यांनाच शिव्या दिल्या, एवढं नंतर कळलं.

आणि आता बाराव्याची गोष्ट. पंगती उठल्यावर तुझी धाकटी बहीण, मोऱ्याला दिलेली, झाडाखाली उभी होती. तिने खाली पडलेलं एक फळ उचललं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं. डोळे मिटून खाल्लं. मग मला म्हणाली, "आली काय शेवटी हिराची रांजना?"

मी हातातल्या उष्ट्या पत्रावळी खाली ठेवल्या.

"तिला पयल्यापासून म्हाईत होता," ती म्हणाली. "कोंब फुटला तवाच पान वलखला तिने. मना येऊन सांगितलान, माजे अंगनान आपले डोंगरावरचा झार उगवलाय. पन सातारवालीला नको बोलू, ती चिकू समजते. आन् मंग तुमच्या पोरानी घर घेतला. तवा माज्याकरं येऊन रडली. बोलली, झाराला काय पन लागला त ती जाल. म्हनून दर साल फुला झारायची. वेरी होती आमची बाय."

हिरा! अगं हिरा! म्हणजे एवढी वर्षं तू त्या झाडाला मिठी मारून, अख्ख्या चाळीसमोर, पदर पसरून चिकूची हमी देत होतीस, आणि तुला ठाऊक होतं की ह्याला चिकू यायचाच नाही? तुझ्या डोंगरावरचं झाड तुझ्या अंगणात आपल्या पायाने चालत आलं होतं. त्याचं फळ खायला तुझा जीव तळमळत असेल. आणि तू दर थंडीत ते स्वतःच्या हाताने झोडून पाडलंस आणि मे महिन्यात स्टेशनबाहेर जाऊन विकत आणून खाल्लंस. का, तर भाडेकरीण सोडून जाऊ नये म्हणून! अशी मालकीण कुणी बघितलीय का? मी तिथेच खाली बसले. आधी हसले. तुझी बहीण घाबरली, तिला वाटलं मला फिट आली. मग जे रडू आलं ते आवरेना. तू गेलीस त्या दिवशीही मी एवढी रडले नव्हते.

आता माझं ऐक. हे तुला सांगायचं राहिलं.

मलाही माहीत होतं गं.

कलम लावलं त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या ह्यांनी पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "कलम मेलंय. चिकूचं कलम रांजणाच्या रोपावर बांधतात. वरचा चिकू वाळला, हा खालचा रांजण वाढलाय. ह्याला जन्मात चिकू लागायचा नाही." मी ह्यांना म्हटलं, हिराला सांगाल तर खबरदार. उन्हातान्हात पाणी घालते, हिरमुसेल. तेव्हा तेवढंच होतं मनात. पुढे संदीपने फ्लॅट घेतला आणि माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं. चिकू लागला की जाते. हे बाजूला बसून मिशीत हसले. त्यांना कळलं होतं की बाई कधीच न जाण्याचा शब्द देतेय.

शिमग्यात कोयता आपटून मी मोठ्याने चिकू मागायचे, आणि मनात त्या झाडाला हात जोडायचे की बाबा रे, काही देऊ नकोस. तू बांबू घेऊन निघालीस की वरून तुला ओरडायचे आणि आतून मला हायसं वाटायचं. फळ धरलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. तू ओळखली असतीस रांजणं, आणि म्हणाली असतीस, हा तर चिकू नाही, मग तू थांबलीस कशाला? त्याचं उत्तर मला देता आलं नसतं.

का नसतं, तेच मला आता कळत नाही. आपण एकमेकींना काय सांगितलं नाही? सासवांचं सांगितलं, नवऱ्यांचं सांगितलं, दोनदा पोटातलं राहिलं नाही ते सांगितलं. अंगावरचं गळू दाखवलं. तुझ्यावाचून मला करमत नाही, एवढं मात्र दोघींपैकी एकीच्याही तोंडून निघालं नाही. बायका असं बोलत नाहीत म्हणून? की भांडायची सवय लागली होती म्हणून? तू त्या खाटेवर पडून फुलांची चौकशी करत होतीस, तेव्हा मी बोलायला हवं होतं. तुला वाटत असेल, फळ धरेल आणि ही जाईल. त्या भीतीत गेलीस तू. आणि मी शेजारी बसून भाकरी कुस्करत होते.

तुझा नितेश म्हणाला, मावशी, झाड आईचं आहे, राहणार. तुझी सून दोन टोपल्या उतरवून उन्हात ठेवतेय. मी काल सकाळी त्यातली खाल्ली. गोड आहेत गं. ओठ चिकटले, तेल लावून घेतलं.

संदीपला फोन केला. रविवारी येते म्हटलं. तो खूश झाला. म्हणाला, "बघ आई, लागले ना चिकू शेवटी!" मी त्याला हो म्हटलं. त्याला काय सांगू?

चिकू नाही लागला, हिरा. तू राहिली नाहीस, म्हणून चाललेय.